तुकाराम एकदाच झाला

मराठी माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकण्याचा कंटाळा कधी आलेला नाही. हरदासबुवा पूर्वरंग आटोपून उत्तररंगाला उभे राहिले की आज सीतास्वयंवर की हरिश्चंद्राख्यान, एवढाच काय तो प्रश्न असतो. पुढे काय होणार हे पहिल्या रांगेतल्या आजीबाईंपासून खांबाला टेकून डुलक्या घेणाऱ्या आजोबांपर्यंत सर्वांना तोंडपाठ. तरीही तारामतीवर तलवार उगारली गेली की माणसे न चुकता डोळ्यांना पदर लावतात, आणि देव प्रकट झाला की न चुकता टाळ्या वाजवतात. तेव्हा 'जुने चित्रपट पुन्हा काढू नयेत, जुनी गाणी पुन्हा कोणी गाऊ नयेत' असे सरसकट फर्मान काढणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. तो न्याय लावला तर आपल्या निम्म्या संस्कृतीला टाळे ठोकावे लागेल.

आपल्या चित्रपटाचा जन्मच मुळी पुनरुक्तीच्या घरातला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, आणि चारच वर्षांनी, १९१७ साली, तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज आपण पहिला भारतीय चित्रपट म्हणून ज्या काही रिळांकडे कौतुकाने पाहतो ती या दुसऱ्या खेपेची असावीत, असे काही जाणत्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे गंमत पाहा, मूळ म्हणून आपण पूजेला मांडलेली मूर्तीच कदाचित दुसरी! पुढे चित्रपट बोलू लागला तेव्हा 'प्रभात'ने १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा', आणि तो राजा म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. गोविंदराव टेंबे राजा आणि दुर्गाबाई खोटे तारामती. कोणी तक्रार केली नाही. करण्याचे कारणही नव्हते. हरिश्चंद्राची गोष्ट फाळक्यांची नव्हती आणि प्रभातचीही नव्हती. ती सर्वांच्या मालकीची सार्वजनिक विहीर होती. ज्याची घागर मोठी त्याने मोठी भरावी.

एवढे सगळे कबूल करूनही एका चित्रपटापाशी मी अडून बसतो. प्रभातचा 'संत तुकाराम', साल १९३६. त्याला कोणी हात लावू नये असे मला वाटते. त्याची 'नवी आवृत्ती' काढू नये, त्याला रंग फासू नयेत, त्यातली पदे नव्या वाद्यमेळात घोळवून बाजारात आणू नयेत. आता हे नुसते म्हाताऱ्या रसिकाचे हटवादी प्रेम आहे असे वाचकांना वाटू नये, म्हणून त्यामागचा इतिहास सांगतो. आणि त्या इतिहासातली पहिली मौज अशी की, नकलेचे काय होते हे त्या चित्रपटानेच आपल्याला आरंभी दाखवून ठेवले आहे.

चित्र सुरू होते तेव्हा तुकोबा विठ्ठलाच्या ध्यानात बसून गात आहेत. अंगविक्षेप नाही, हातवारे नाहीत. माणूस आपल्याशीच गुणगुणावा तसे गाणे. कॅमेराही त्यांच्यासमोर शेजाऱ्यासारखा निवांत बसलेला. त्यानंतर येतो सालोमालो. तो तेच पद उचलतो, आपल्या नावावर खपवतो आणि श्रोत्यांसमोर ताना, मुरके आणि लटके-झटके यांनी असे काही सजवतो की विचारू नका. शब्द तेच. प्राण मात्र कुठे गेला ते कळत नाही. भागवत या नटाने हा सालोमालो इतका झकास रंगवला आहे की त्याचा राग येण्याऐवजी आपल्याला त्याची वाटच पाहावीशी वाटते. हा सालोमालो पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेला नाही. तो गाथेत आहे. दुसऱ्याच्या वाणीवर आपली मुद्रा ठोकणाऱ्या या गृहस्थावर खुद्द तुकोबांनी अभंग रचून कोरडे ओढले आहेत. सतराव्या शतकातही गाणी पळवली जात होती, आणि कवी त्यामुळे असेच चिडत होते!

आता हे चित्र कोणी केले ते पाहू. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना झाली. शांतारामबापू, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. यांपैकी दामले आणि फत्तेलाल ही जोडी मूळची बाबूराव पेंटरांच्या तालमीतली. बाबूरावांनी कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला, त्या काळापासूनची. स्टुडिओत त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. १९३३ साली कंपनी पुण्यास आली तेव्हा दामलेमामांकडे ध्वनिलेखनाचे खाते आणि साहेबमामांकडे कलादिग्दर्शनाचे. एकाचे कान आणि दुसऱ्याचे डोळे. कंपनीचे नाव गाजत होते ते शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाने, आणि रास्तच गाजत होते. त्यांचा 'अमृतमंथन', 'धर्मात्मा', 'अमरज्योती' असा डंका चालू असताना या दोन मामांनी बाजूला बसून देहूच्या वाण्याची गोष्ट हाती घेतली. त्यात एक मामा मुसलमान होते याचा त्या काळी कोणी गाजावाजा केला नाही. मला वाटते, केला नाही हेच त्या काळाचे भूषण. देहूचे घर, ओसरी, इंद्रायणीचा काठ, देवळाचा सभामंडप, हे सारे साहेबमामांनी एरंडवण्याच्या माळावर असे उभे केले की पाहणाऱ्याला ते उभे केलेले वाटतच नाही.

कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि नवी पदे शांताराम आठवल्यांची. या आठवल्यांची एक हकीकत पुढे सांगायची आहे. ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तरी सांगणार आहे.

पण त्या आधी पागनीस. विष्णुपंत पागनीस हे जुन्या नाटक मंडळ्यांतून स्त्रीभूमिका केलेले नट. पुढे त्यांचे मन भजनात रमले. स्त्रीपार्टाचा लालित्याचा वळसा अंगात मुरलेला, तेव्हा हा माणूस तुकाराम कसा शोभेल, अशी शंका त्यांच्या निवडीच्या वेळी घेतली गेली होती. नट म्हणून पाहिले तर शंका अगदी रास्त. त्यांच्या चेहऱ्यावर मोठे आविर्भाव नाहीत, आवाजात नाटकी चढउतार नाहीत. पण दामले-फत्तेलालांनी ओळखले असावे की ही भूमिका करणारा माणूस नकोच, तर भजन करणारा माणूस हवा. शंकेखोरांना जो वळसा खटकला, तोच पडद्यावर मार्दव होऊन उतरला. तुकोबा रागावत नाहीत, उपदेशाचा आव आणत नाहीत, सालोमालोवरही नाही; त्यांना जणू या जगाच्या कटकटीचे थोडे नवलच वाटत असते. पागनीस स्वतः गायले. गाणारा आणि दिसणारा एकच असल्यामुळे श्वास कुठे घेतला तेसुद्धा पडद्यावर दिसते.

आणि गौरी! या बाईंविषयी लिहिताना माझी लेखणी नेहमीच थोडी सैल सुटते, वाचकांनी सांभाळून घ्यावे. प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी, गर्दीत उभी राहणारी 'एक्स्ट्रा' बाई. शिक्षण नाही, नाटकाचे संस्कार नाहीत. तिला जिजाई दिली. संतचरित्रांनी जिजाईवर फार अन्याय केला आहे. कजाग, देवद्वेष्टी बायको, एवढीच तिची ओळख. महिपतीबुवांपासून हरदासांपर्यंत सर्वांनी तिच्या तोंडी भांडण घातले आणि श्रोत्यांना हसवले. गौरीची जिजाईही भांडते, चांगली कडाकडा भांडते, पण ती पोटाच्या बाजूने भांडते. घरात पोर आजारी आणि नवरा देवापाशी, तेव्हा ती पायातले पायताण हातात घेऊन विठ्ठलावर धावून जाते. असला प्रसंग पडद्यावर! त्या काळच्या भाविक प्रेक्षकांनी तो कसा सोसला असेल, असे आज वाटते. सोसला, कारण बाई खोटी नव्हती. तिचे चालणे पाहा, कमरेवर हात ठेवणे पाहा, म्हशीला हाकलणे पाहा. शेण-पाणी केलेले ते शरीर आहे. टोपलीत भाकरी घेऊन ती नवऱ्यामागे डोंगर चढते, धापा टाकत त्याला शिव्या देते आणि त्याच दमात वाढते. नवराबायकोच्या प्रेमाचा याहून खरा प्रसंग मी मराठी पडद्यावर पाहिलेला नाही, आणि दोघांपैकी एकानेही प्रेमाचा शब्द काढलेला नाही.

हे चित्र १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल थिएटरात लागले आणि त्या एकाच ठिकाणी वर्षाहून अधिक काळ चालले. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेडोपाडी तंबूत ते लागे तेव्हा माणसे जोडे बाहेर काढून आत येत, पडद्यावर विठ्ठल दिसला की हात जोडत. हे कौतुक आता सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही. एक परिणाम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. तुकोबांचे खरे रूप कसे होते हे आपल्याला कोणीच सांगू शकत नाही. पण आमच्या घरी देव्हाऱ्यावरच्या भिंतीत तुकोबांची जी तसबीर होती, तिच्यातला चेहरा चक्क पागनिसांचा होता, आणि वाचकहो, तुमच्या घरची तसबीर उतरवून पाहाल तर बहुधा तुम्हालाही तेच विष्णुपंत भेटतील. चित्रकारांनी पडद्यावरचा तुकाराम उचलला आणि बाजारात तोच तुकाराम झाला. नटाचा फोटो देव्हाऱ्यात जाऊन बसला आणि कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. आमची आजी रोज त्या तसबिरीला हळदकुंकू वाही. तिने बोलपट आयुष्यात चार-दोनच पाहिले असतील. आपण एका नाटकवाल्याला कुंकू लावतो आहोत हे तिला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी तिने हात आवरला नसता.

आता आठवल्यांची हकीकत. चित्रात एका ठिकाणी गाथेतला सोयीचा अभंग मिळेना, तेव्हा आठवल्यांनी स्वतःच एक रचला. बीज एक आणि त्यातून वाढलेला वृक्ष, असे त्यातले रूपक. तो तुकोबांच्या वाणीत असा काही मिसळून गेला की लोक तो तुकोबांचाच म्हणून म्हणू लागले. भजनी मंडळांत शिरला. जाणकारांनी तो शोधण्यासाठी गाथेची पाने उलटली. एका चित्रपटाच्या गीतकाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळणार? पण वकील मंडळी इथे मला अडवतील. 'तुम्ही सालोमालोला नावे ठेवता आणि आठवल्यांना डोक्यावर घेता, हे कसे? दोघांनीही तुकोबांची नक्कलच केली ना?' नाही, महाराज. सालोमालोने तयार वस्तू उचलली आणि नाव बदलले. आठवल्यांनी वस्तू नवी घडवली आणि नाव लपवले. सगळा फरक तेवढ्यात आहे. आठवल्यांना तुकोबांच्या घरात राहायचे होते, सालोमालोला ते घर विकायचे होते. परंपरा आठवल्यांच्या वाटेने चालते आणि म्हणूनच अभंग कोणीही गावा, कितीही वेळा गावा. श्रीनिवास खळे यांच्या चालींत लताबाईंनी तुकोबा गायिले, भीमसेनजींनी गायिले. एकाने दुसऱ्याची जागा अडवली नाही. अभंग हा मुळात दुसऱ्याने गावा म्हणूनच रचलेला असतो. चित्रपटाचे तसे नसते. चित्रपट म्हणजे एका विशिष्ट दुपारी, एका विशिष्ट माणसाने, एका विशिष्ट उजेडात केलेली गोष्ट. ती रचना कमी आणि घटना जास्त. घटनेची संहिता पुन्हा छापता येते, घटना पुन्हा घडवता येत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. पुरावा प्रभातनेच देऊन ठेवला आहे. 'तुकाराम'च्या यशानंतर तीच दामले-फत्तेलालांची जोडी, तेच वाशीकर, तेच भोळे, तेच आठवले आणि तोच स्टुडिओ यांनी १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' केला. शाहू मोडक ज्ञानेश्वर झाले. पैसा अधिक, यंत्रे अधिक सफाईची, चमत्कारांची दृश्ये कितीतरी अधिक सुबक. रेडा वेद बोलला, भिंत चालली. चित्र देखणे आहे, लोकांनी डोक्यावरही घेतले. पण 'तुकाराम'मधली ती घरातली ऊब तिथे नाही. १९४१ साली 'संत सखू' आला. त्याची तर आज आठवणही फारशी कोणी काढत नाही. खुद्द पागनीस मुंबईस जाऊन १९३९ साली तुलसीदास झाले, १९४० साली नरसी भगत झाले. गळा तोच, भाव तोच, हातात वीणा तीच. लोक गेले, पाहून आले, आणि म्हणाले की आमचे तुकोबा किती सुंदर गातात! १९४३ साली विष्णुपंत वारले. ज्यांनी ते चित्र केले त्यांना, चारच वर्षांच्या अंतराने, सगळी सामग्री हाताशी असताना, जे पुन्हा साधले नाही ते नव्वद वर्षांनंतर तिऱ्हाइताला कसे साधावे?

तिऱ्हाइतांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. दोनच वर्षांत, १९३८ साली, तमिळमध्ये तुकाराम निघाला आणि त्यात कर्नाटक संगीतातले थोर गवई मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर तुकाराम झाले. कन्नडमध्ये १९६३ साली राजकुमार तुकाराम झाले. तेलुगूत १९७३ साली 'भक्त तुकाराम' आला, नागेश्वरराव तुकाराम आणि शिवाजी गणेशन छत्रपती. (ज्या नटाला रंगभूमीवर शिवाजीचे काम केल्यामुळे 'शिवाजी' हे नाव पडले, त्याला अखेर पडद्यावरही शिवाजी मिळाला, हा योग मजेचा.) या चित्रांचे मला मुळीच वावडे नाही. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी तुकोबा आपल्या भाषेत आणि आपल्या नटाच्या रूपात पाहू नयेत काय? मराठीत २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'तुकाराम' केला, जितेंद्र जोशी तुकोबा झाले. या चित्राचे मला विशेष वाटले ते असे की त्याने प्रभातच्या वाटेला जायचेच नाकारले. त्यातले तुकोबांचे बालपण, दुष्काळ, मोडलेला संसार आणि त्यातून हळूहळू उभा राहिलेला कवी पाहिला की कळते, या मंडळींनी जुने चित्र समोर ठेवून रेघा ओढल्या नाहीत, ती बाजूला ठेवून गाथा उघडली. हे कुलीन वागणे झाले. माझी हरकत अशा चित्रांना नाहीच. 'आम्ही तोच तुकाराम नव्या तंत्राने करून दाखवतो' म्हणणाऱ्यांना आहे.

इथे बंगालची आठवण काढली पाहिजे, नाही तर माझ्यावर एकांगीपणाचा ठपका येईल. शरदबाबूंच्या 'देवदास'वर प्रमथेश बारुआंनी १९३५ साली चित्र काढले. त्याच्या हिंदी आवृत्तीचे छायाचित्रण करणारे बिमल रॉय यांनी वीस वर्षांनी, १९५५ साली, स्वतः 'देवदास' दिग्दर्शित केला, आणि तो पहिल्याच्या मांडीला मांडी लावून बसला. म्हणजे दुसरी खेप साधते तर! साधते, पण देवदास कागदावर जन्मला होता. त्याला सैगलचा चेहरा मिळाला, मग दिलीपकुमारचा मिळाला, आणि कादंबरी कपाटात सुखरूप राहिली. जिजाईची कादंबरी कुठे आहे? गौरीने जी जिजाई केली ती कागदावर अर्धीसुद्धा नाही. ती त्या बाईबरोबर आली आणि त्या बाईबरोबर गेली.

उलट बाजूचाही एक दाखला प्रभातच्याच घरात आहे. १९३५ साली शांतारामबापूंनी 'धर्मात्मा' काढला आणि त्यात एकनाथांच्या भूमिकेसाठी प्रत्यक्ष बालगंधर्वांना आणले. महाराष्ट्राने ज्यांच्या स्त्रीरूपावर आणि गळ्यावर जीव ओवाळून टाकला ते नारायणराव, आणि पडद्यावर पुरुषवेषात! त्या गायकाबद्दल एक अक्षर उणे बोलण्याची माझी प्राज्ञा नाही. पण रंगभूमीवर जे घडत होते ते पडद्यावर घडेना. पुढे तर 'साध्वी मीराबाई'त स्त्रीवेषही झाला, तरी घडेना. म्हणजे खुद्द गंधर्वांनाही गंधर्वांची पुनरावृत्ती जमली नाही. आज जी मंडळी नाट्यपदांतल्या त्यांच्या प्रत्येक जागेची हुबेहूब नक्कल करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. पद गावे, अवश्य गावे. माणिकताई वर्मा गायल्या, पंडित राम मराठे गायले, आपल्या गळ्याने गायले. ताजमहालाची संगमरवरी प्रतिकृती दिवाणखान्यात ठेवायला छान दिसते, पण तिच्यात कोणी झोपलेले नसते.

असो. आवडीनिवडीचा प्रश्न एवढाच असता तर दिवाळीच्या फराळाच्या वेळी मी तो इतका लांबवला नसता. नवे चित्र निघाल्याने जुन्याचे काय बिघडते, असे तरुण मंडळी विचारतात. पुष्कळ बिघडते. हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने 'गॅसलाइट' या १९४० सालच्या इंग्रजी चित्राचे हक्क घेऊन १९४४ साली आपले नवे चित्र काढले, आणि तुलना नको म्हणून जुन्याच्या प्रती नष्ट करण्याचा घाट घातला. कोणा भल्याने ठेवलेल्या प्रतीमुळे ते जुने चित्र वाचले. आपल्याकडे इतका दुष्टपणा कोणी करत नाही. आपल्याकडे नुसता आळस पुरतो.

प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली. १९६० साली तिच्या आवारात सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. प्रभातच्या काळची फिल्म असे नायट्रेटची. ही चीज मोठी विलक्षण. तिच्यावर उमटलेले काळे-पांढरे पुढे कुठल्याच फिल्मवर तसे उमटले नाही, असे जाणकार सांगतात. चांदीची भांडी घासून ठेवल्यासारखा तिचा उजेड. पण ती दारूगोळ्याच्या नात्यातली. थंड कोठीत ठेवली नाही तर आधी चिकट होते, मग तिची पूड होते, आणि पेटली तर पाण्यानेसुद्धा विझत नाही. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात अशा रिळांच्या कोठीला आग लागली. शेकडो जुन्या चित्रांची रिळे काही तासांत गेली, आणि त्यांत प्रभातच्या चित्रांची मूळ रिळेही होती. त्यांतली कित्येक चित्रे पुढे काढून ठेवलेल्या प्रतींवर आज जिवंत आहेत. पण प्रतीवरून प्रत काढताना दर खेपेस काहीतरी गळते. ओसरीवरच्या सावलीतला बारकावा जातो, वीणेच्या तारेची शेवटची कंपने जातात, गौरीच्या कपाळावरचा घाम जातो.

व्हेनिसच्या त्या गौरवपत्राचीही कथा अशीच. भारतीय चित्रपटाला परदेशातून मिळालेल्या पहिल्या मानपत्रांपैकी ते एक. मध्यंतरी ते कुठे गेले याचा पत्ताच नव्हता. ते सापडले कचऱ्यात! ज्या छायालेखकाच्या हाती लागले त्या भल्या माणसाने ते जपून ठेवले, आणि २००४ साली ते संग्रहालयात परत आले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या, असे आपण श्रद्धेने सांगतो. आमच्या हातून बुडालेले कागद परत यायला तीस-तीस वर्षे लागतात, आणि तेही कोणा परप्रांतीयाची नजर कचऱ्याकडे गेली तर.

रंग भरण्याचेही एक खूळ मध्यंतरी आले. २००४ साली 'मुगल-ए-आझम' संपूर्ण रंगीत होऊन आला आणि लोकांनी गर्दी केली. तो चित्रपट मुळातच बादशाही थाटाचा, आणि त्याच्या दिग्दर्शकालाच रंगाची हौस होती; त्याला ते शोभले म्हणू. पण देहूच्या घरात कोणता रंग भरणार? कुडाच्या भिंती, फाटके घोंगडे, धुराने काळवंडलेले तुळवट. ते सारे साहेबमामांनी काळ्या-पांढऱ्याच्या हिशेबानेच रंगवून घेतले होते. चित्रकार होते ते. कुठल्या छटेची भिंत पडद्यावर कशी उतरेल हे त्यांना ठाऊक होते. त्यावर आज यंत्राने हिरवा-पिवळा ओतणे म्हणजे वहिनींनी निगुतीने केलेल्या अनारशावर मिठाईवाल्याकडचा वर्ख चिकटवणे.

खर्च करायचाच असेल तर तो करायला जागा आहे. संग्रहालयाने जुन्या रिळांच्या डिजिटल प्रती करण्याचे, त्यांवरचे ओरखडे आणि खरखर काढण्याचे काम हाती घेतले आहे. ते काम चेंगट, डोळे फोडणारे आणि बिनटाळ्यांचे. एकेक चौकट पुसायची, आणि पुसताना काय पुसायचे नाही हे ओळखायचे. तुकोबांच्या कीर्तनातली खरखर काढता काढता टाळांचा नाद गेला तर कोण जबाबदार? त्या कामाला एखाद्या नव्या 'भव्य' तुकारामाच्या जाहिरातीच्या खर्चाचा दहावा हिस्सा मिळाला तरी दामलेमामांचे ध्वनिलेखन पुन्हा नीट ऐकू येईल.

तोवर जी प्रत मिळते ती पाहावी. सव्वादोन तासांच्या आत संपते. यंदा दिवाळीत मुले-नातवंडे घरी जमली असतील, तेव्हा एका रात्री लावून पाहा. पहिली दहा मिनिटे मुले कुरकुरतील, चित्र पुसट आहे म्हणतील, आवाज वाढवा म्हणतील. सालोमालो आला की हसतील. पायताणाच्या प्रसंगाला गप्प होतील. शेवटी गरुडाचे विमान येते. दोऱ्या दिसत नाहीत, तरी ते लाकडाचे आहे हे सहज कळते आणि कळून काही बिघडत नाही. तुकोबा वर जातात. जिजाई खालीच राहते; घरात पोरे आहेत, गोठ्यात म्हैस आहे. मी जेव्हा जेव्हा हे चित्र पाहतो, तेव्हा विमानाकडे फारच थोडा वेळ पाहतो.